पोच द्या, गुरुजी

तेंदूच्या हंगामात फळीवर 70 पानांचं एकेक पुडकं मोजलं जातं. मुन्शी कितीही खडूस असो, आकडा वहीत चढतो. पण वसतिगृहातल्या धाकट्या पोरानं बापाला सांगितलं, की वरच्या वर्गातला एक जण रात्री अंगाशी येतो, तर ते कोणत्या वहीत चढतं? कोणत्याच नाही. "पोरापोरांचं आहे जी, समज दिली आम्ही." बापानं फारच ताणलं, तर दाखला हातात पडतो. तोही ज्याला त्रास झाला त्याचाच!

चंद्रपूर जिल्ह्याला हे नवीन नाही. एप्रिल 2019 मध्ये राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार उघड झाले. आरोपी मोठी माणसं होती. संस्थेचे अध्यक्ष, काँग्रेस नेते सुभाष धोटे पत्रकारांपुढे बोलले ते नुकसानभरपाईच्या पैशांबद्दल. पैसे मिळतात म्हणून पालक पुढे येतात, असा सूर. गदारोळ झाला, मग दिलगिरी आली. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा पालकांनी पोलीस ठाण्यात तासन्‌तास काढले, आणि शाळेनं स्वतःहून कळवलं का नाही, हे उच्च न्यायालयाला विचारावं लागलं.

आरोपी नववीतला असला की शाळेचा आवाज आणखी मऊ होतो. "त्याचं आयुष्य बरबाद कराल काय?" नाही करत. अठराच्या आतला मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो, तुरुंगात नाही; त्याचंही नाव छापता येत नाही. पण पोक्सो कायद्यातली पोलिसांना कळवायची सक्ती आरोपीचं वय पाहून ठरत नाही. दडपणाऱ्याला सहा महिने, संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. गुरुजींचा खरा जीव इथं अडकलेला असतो.

म्हणून तोंडी काही बोलू नका. पोराला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. तो एकदा जे बोलला, ते त्याच्याच शब्दांत, तारीख टाकून लिहा. दोन प्रती. एक शाळेला द्या, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. शिक्का "सापडत नसेल", तर स्पीड पोस्ट आहेच. आश्रमशाळा असेल तर एक प्रत आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्याला. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 फिरवा. शाळेच्या चौकशी समितीचा अहवाल येईपर्यंत थांबायचं कारण नाही. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. हद्दीचं कारण सांगितलं, तर लेखी तक्रार थेट पोलीस अधीक्षकांकडे. जबाब घरी घेता येतो, घेणारा अधिकारी वर्दीत नको. आणि भामरागडच्या माडिया लेकराला मराठी कळत नसेल तर दुभाषी मागा. ती मेहेरबानी नाही, कायद्यात लिहिलेलं आहे.

एवढ्यावरही गुरुजी म्हणालेच, "आधी संस्थेला विचारतो," तर विचारू द्या. तोवर तुम्ही ठाण्यात पोचा.