मशीन चालवता येतं का?

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राज्यात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं एकदम उद्घाटन झालं. पुढच्या वर्षी युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: महिन्याला बारावीला ६,०००, आयटीआयला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. भोर-वेल्ह्याच्या पोरांना आता तक्रारीला जागाच नाही! प्रशिक्षण म्हणजे कचेरीत बसा, फायली उचला, हजेरी लावा. मुदत संपली की प्रमाणपत्र घेऊन घरी. मग नीरा ओलांडून शिरवळच्या कारखान्याच्या गेटवर. सुपरवायझर विचारतो, "मशीन चालवता येतं का?"

"येतं की. झेरॉक्सचं."

वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, कामाचं गाव मात्र बदललं नाही. कौशल्य केंद्रांचा अभ्यासक्रम ठरवताना त्या सुपरवायझरला एकदा विचारा. उद्घाटनाला नाही बोलावलंत तरी चालेल.