धामणवाले अण्णा

प्रत्येक आळीत एक अण्णा असतातच. रत्नागिरीकडच्या या अण्णांच्या परसात कमरेएवढं रान, माडाखाली तीन पावसाळ्यांच्या झावळ्या आणि फुटक्या कौलांची चळत आहे. ‘परसू जरा साफ करा’ म्हटलं की उत्तर तयार: “धामण आहे ना!”

म्हणजे उंदरांचं धामण बघेल. अण्णा बघणार नाहीत.

उंदरांनी सुरण कोरला, शहाळी पोखरून पाडली, शेवटी काकूंच्या पैठणीला भोक पाडलं. काकूंनी ती पैठणी अण्णांच्या तोंडासमोर धरली. “धामण आहे ना,” भोकापलीकडून आवाज आला.

उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका खेपेला पाच-सहा पिल्लं. धामण एक मोठा उंदीर गिळला की काही दिवस दुसऱ्याकडे ढुंकून बघत नाही. शेजारच्या मास्तरांनी हा हिशेब कागदावर मांडून अण्णांना दिला. तो कागदही उंदरांनी खाल्ला.

तिन्हीसांजेनंतर आळीतली माणसं ‘साप’ हा शब्द उच्चारत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात, ‘लांबडं’ म्हणतात. अण्णा थेट जात सांगतात, आणि जात एकच. सुंभाची दोरी, सायकलची ट्यूब, नळाचा पाइप, अंधार पडला की सगळ्यांना बढती.

माणूस अडाणी नाही, हीच अडचण. डांबरगोळ्यांनी साप जात नाही, धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पीत नाही, हे ते पुराव्यानिशी सांगतात. नागपंचमीला वारुळापाशी ठेवायचं दूध साप पीत नाही म्हणून स्वतः पितात. उंदरांना विष घालू देत नाहीत. मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही जातं.

गेल्या आषाढात झावळ्यांखाली कुकर फुसफुसला. अण्णा टॉर्च घेऊन गेले. तपकिरी अंगावर साखळीसारखे गोल ठिपके. काकूंनी पडवीतून विचारलं, “धामणच ना?”

“घोणस आहे. पोरांना आत घ्या.”

कुणी काठी आणली. अण्णा मधे उभे राहिले आणि भर पावसात 1972 चा वन्यजीव कायदा सांगू लागले. सर्पमित्र यायला दीड तास लागला. तोवर अण्णांनी दहा फुटांवरून टॉर्चचा झोत हलवला नाही. नजर हटली असती तर ती पाल्यात दिसेनाशी झाली असती. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते हे त्यांना ठाऊक होतं. ती मिळणारा दवाखाना किती लांब आहे, हेही. हात थरथरत होता. पायात स्लीपर.

घोणस बरणीत घालताना सर्पमित्र म्हणाला, “उंदरांच्या वासावर आली.” अण्णा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ गमबूट चढवून, काठीने आधी पाला आपटून, झावळ्या उपसत होता. कौलं गेली, गडग्याची बिळं चिऱ्याच्या कपच्यांनी बुजली, पडवीत खोबऱ्याचा तुकडा लावलेले दोन पिंजरे आले. विहिरीमागचा एक कोपरा तेवढा रान राहिला. काकूंनीही त्याबद्दल विचारलं नाही.

भाद्रपदात त्या कोपऱ्यात कात सापडली. अण्णांनी टेप लावून मोजली: साडेसहा फूट. मग कधी नव्हे ते काही न बोलता सर्पमित्राला बोलावलं. त्याने ती उन्हात धरून उलटसुलट बघितली.

धामणच होती.