सेम ज छे? गोळीचा शोध घेणाऱ्यांसाठी प्राथमिक धडे

साहित्य असं: एक मोबाईल, निम्मी तरी बॅटरी, स्वतःचा चष्मा आणि गोळ्यांचं पाकीट. शेजारच्या खोलीतल्या आप्पांचा चष्मा चालत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असली तर उत्तम, पण ती वाचता येईल ही अपेक्षा धरून सुरुवात करू नये; बऱ्याच नवशिक्यांचा उत्साह तिथेच संपतो. वेळ अर्धा तास. त्यातला बराचसा अॅप अपडेट करण्यात जाईल.

ही मार्गदर्शिका कडोदऱ्यातल्या खान्देशी माणसासाठी आहे. त्याची अडचण साधी आहे. काम इथल्या डाईंग मिलमध्ये, खोली मिलच्या मागे, आणि डॉक्टर मात्र नंदुरबारचा, कारण विश्वास त्याच्यावर. आखाजीला गावी गेलं की आईला दाखवून आणायचं, महिनाभराची बीपीची गोळी तिथूनच घ्यायची आणि बारडोलीच्या रस्त्याने परत यायचं. महिना संपला की रिकामं पाकीट घेऊन कडोदरा चोकडीवरच्या मेडिकलमध्ये उभं राहायचं. मेडिकलवाला पाकीट उलटंसुलटं करतो, मागच्या कपाटाकडे न बघताच मान हलवतो आणि म्हणतो, “आ नथी. बीजी कंपनीनी आपुं? सेम ज छे.”

बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. नंदुरबारचा डॉक्टर त्याच्या भागात मिळणारी कंपनी लिहितो आणि कडोदऱ्याचा दुकानदार त्याच्याकडे येणारी कंपनी ठेवतो, एवढाच तो मामला. पण ‘बहुतेक वेळा’वर आईचं बीपी सोपवता येत नाही. म्हणून हा अभ्यासक्रम.

धडा पहिला, नाव मिळवणे. हा सर्वांत अवघड धडा आहे आणि इंटरनेटशी त्याचा काही संबंध नाही. तुम्ही दहापैकी चार गोळ्या मागता, कारण पगार पंधरवड्याने होणार आहे. दुकानदार कात्री घेतो आणि कच्चकन पाकीट कापतो. आता तुमच्या हातातल्या तुकड्यावर अर्धं नाव, एक पत्त्याचा तुकडा आणि ‘ओलाव्यापासून दूर ठेवा’ असा इंग्रजी उपदेश उरतो. बॅच नंबर, एक्सपायरी आणि पूर्ण नाव दुकानात राहिलं. तेव्हा कात्री उचलली जाताना, त्याच क्षणी म्हणावं, “भाई, तारीखवाळो भाग मने आपजो.” तो देतो. नाहीच दिला, तर उरलेल्या पाकिटाचा तिथल्या तिथे फोटो काढावा. आणि दवाखान्यातच कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळाल्या असतील, पांढरी सकाळी, गुलाबी रात्री, तर मोबाईल खिशात ठेवा. रंगावरून शोध घेता येत नाही. डॉक्टरांना नाव लिहून मागा. मागायला संकोच वाटत असेल तर गोळी खाण्याच्या वेळी दुप्पट वाटला पाहिजे.

पाकिटावर चौकोनी कोड दिसला तर तोही स्कॅन करून पाहा. 1 ऑगस्ट 2023 पासून खपाच्या 300 ब्रँडांवर असा कोड छापणं सक्तीचं झालं आहे. त्यात औषधाचं मूळ नाव, कंपनी, बॅच, एक्सपायरी, परवाना क्रमांक एवढं असतं. कोड दिसला की सवयीने “किती टाकू?” असं विचारू नये. आणि पाकिटावर जागा नसेल तर हा कोड बाहेरच्या खोक्यावर छापायलाही परवानगी आहे. खोकं कुठे आहे, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

धडा दुसरा, कोणतं नाव. पाकिटावर दोन नावं असतात. एक ऐटदार, कंपनीने ठेवलेलं. दुसरं लांबलचक, औषधाचं खरं. मेडिकलवाले त्याला कंटेंट म्हणतात. एकाच घटकाची गोळी असेल तर हे खरं नाव ब्रँडपेक्षा दोन आकार मोठ्या अक्षरात छापायचा नियम 2018 मध्येच आला, तरी नजर जाते ती रंगीत नावावरच. शोधायचं ते खरं नाव. अक्षर न् अक्षर पाकिटावरून उतरवायचं, इंग्रजी लिपीतच. ‘बीपीची गोळी’ असं टाकलं तर हजार पानं येतील आणि त्यातलं एकही तुमच्या आईचं नसेल.

लिहिताना पहिल्या तीन अक्षरांवर थांबून समोर येणाऱ्या पहिल्या नावावर बोट ठेवण्याची घाई करू नये. ‘मेट’ एवढं लिहिलं की यादी उघडते: मेटफॉर्मिन, मेटोप्रोलॉल, मेट्रोनिडॅझोल, मेथोट्रेक्सेट. पहिलं साखरेचं, दुसरं बीपीचं, तिसरं जुलाबासारख्या जंतुसंसर्गाचं. चौथं संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे आणि रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. खिडकीतला गोंगाट, चष्म्यावर मिलची वाफ आणि बोट जाडं, अशा स्थितीत चूक व्हायला एक अक्षर पुरतं. नावांच्या सारखेपणाचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे: 2001 मध्ये मलेरियावरच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या नावांवरून दोन कंपन्या भांडल्या, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की औषधांच्या बाबतीत नावांचा गोंधळ इतर मालापेक्षा कडक नजरेने पाहिला पाहिजे. न्यायालयाने पाहिलं. आता तुम्ही पाहा.

धडा तिसरा, शेपूट. ब्रँडच्या मागे एक-दोन अक्षरं चिकटलेली असतात आणि नवशिका ती खुशाल सोडून देतो. टेल्मा आणि टेल्मा-एएम या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. पहिलीत टेल्मिसार्टन एकटं, दुसरीत त्याच्या जोडीला अॅम्लोडिपीन. समजा, आईच्या घोट्यांवर सूज आहे आणि तुम्ही नुसतं ‘टेल्मा’ शोधलं, तर कारण डोळ्यांसमोर यायचं नाही. अॅम्लोडिपीनच्या पानावर मात्र ‘घोट्यांना सूज’ हे नेहमीच्या त्रासांतच लिहिलेलं असतं. मग डॉक्टरांना विचारायला काहीतरी हाती लागतं. ‘पॅन’ आणि ‘पॅन-डी’चंही तसंच, डी म्हणजे डोमपेरिडोन, नुसती आम्लपित्ताची गोळी ती नव्हे. साखरेच्या मेटफॉर्मिनमागे एसआर असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी असते. गिळायची, कुटून भाकरीबरोबर द्यायची नाही.

आता ‘सेम ज छे’ तपासायची वेळ. दोन्ही पाकिटं, जुनं आणि नवं, शेजारी ठेवा. घटक तेच आहेत का, तेवढेच आहेत का, प्रत्येकापुढचा मिलिग्रॅमचा आकडा तोच आहे का, आणि शेपूट तेच आहे का. मेटोप्रोलॉल असेल तर पुढचा शब्दही वाचा: सक्सिनेट सहसा दिवसातून एकदा घ्यायच्या, हळू विरघळणाऱ्या गोळीत असतं, टार्ट्रेट दिवसातून दोनदा. चारही गोष्टी जुळल्या तर मेडिकलवाल्याला मनातल्या मनात माफ करा. एखादीही जुळली नाही तर नंदुरबारला फोन लावा, गोळी घेण्याआधी.

हाच खेळ उलटाही खेळायचा असतो, आणि तो जास्त मोलाचा आहे. मेडिकलवाला वेगळ्या नावाची गोळी ‘सेम’ म्हणून देतो, तशी घरात सेम गोळी वेगळ्या नावाने आधीच आलेली असते. आईला कानबाईच्या वेळी चक्कर आली म्हणून तुम्ही इथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बीपी बघून गोळी लिहिली. गावच्या डॉक्टरांची गोळी चालूच आहे, हे आई सांगायला विसरली. तिच्या मते ती ‘बीपीची’, आणि ही ‘चक्करची’. दोन पाकिटं, दोन रंग, दोन ऐटदार नावं, आणि आत तेच टेल्मिसार्टन. अशा घरात बीपी इतकं उतरतं की चक्कर वाढते आणि मग तिसरी गोळी येते. तापाच्या बाबतीत तर हे रोजचंच: तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी आणि तिन्हींत पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅमच्या वर ते जाऊ नये, नाहीतर यकृताला धोका. 650 ची गोळी दर सहा तासांनी, वर सर्दीच्या गोळ्या, असं करत गेलं की मर्यादा फार लांब नसते. तेव्हा एका रविवारी घरातली सगळी पाकिटं डब्यातून काढून चटईवर मांडा आणि प्रत्येकाचं खरं नाव वहीत लिहा. या सगळ्या अभ्यासक्रमातलं हे एकच काम केलंत तरी पास.

शोधायचं कुठे? किमतीसाठी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरण आहे, 1997 पासून. कोणत्या गोळीची कमाल किंमत किती, ते तिथे पाहता येतं. ‘जन औषधी सुगम’ या सरकारी अॅपवर खरं नाव टाकलं की जेनेरिक गोळी, तिची किंमत आणि जवळचं केंद्र सापडतं. अमेरिकेच्या संकेतस्थळांवर माहिती भरपूर, पण तिथे पॅरासिटामॉल सापडत नाही म्हणून घाबरू नका. तिकडे त्याला अॅसिटामिनोफेन म्हणतात, आणि दम्याच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. निमेसुलाइड तर तिथे मुळीच मिळणार नाही, कारण अमेरिकेने त्याला कधी परवानगीच दिली नाही. आपल्याकडे 12 वर्षांखालच्या मुलांना ते देण्यावर 2011 पासून बंदी आहे, हे सापडलं तर घरच्या डब्यात जरूर बघा.

दुष्परिणामांची यादी उघडण्याआधी पाणी प्या. ती लांब असते, आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेलेला माणूस आजारी पडून परत येतो. तिथले शब्द मोजून वापरलेले असतात: ‘अतिशय सामान्य’ म्हणजे दहात एकाला किंवा जास्त, ‘सामान्य’ म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना, ‘अतिदुर्मीळ’ म्हणजे दहा हजारांत एकालाही नाही. वरच्या दोन ओळी वाचा आणि पान बंद करा. रात्रपाळीच्या माणसाने तर रात्री दोन वाजता हे पान उघडूच नये. त्याने वाचायचा भाग वेगळा: ‘नाश्त्यानंतर’ लिहिलेली गोळी, ज्याचा नाश्ता संध्याकाळी सहाला होतो त्याने कधी घ्यायची. बारा तासांच्या पाळीचं गणित कोणत्याही संकेतस्थळावर नाही. ते डॉक्टरांनाच विचारावं लागतं, आणि पाळी बदलली की पुन्हा विचारावं लागतं.

एक धडा मात्र हसण्यावारी नेऊ नका. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जाला न उतरलेल्या औषधांची यादी टाकते. त्यात नावाबरोबर बॅच नंबर असतो, आणि दोष त्या बॅचपुरता असतो. नाव दिसलं म्हणून सगळी कंपनी बाद होत नाही. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्यातली लहान मुलं खोकल्याच्या औषधाने गेली, त्यांतली काही नागपूरच्या दवाखान्यांत. ते ‘कोल्ड्रिफ’ होतं, बॅच एसआर-13, आणि तपासणीत त्यात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. ज्यांच्या घरी बाटली होती, त्यांना ती ओळखायची खूण एकच होती: लेबलवरचा तो नंबर. बाटलीचं लेबल फाडू नका, आणि बाळाला कोणाच्या घरून उसनं औषध आणू नका.

छातीत कळ येत असेल, तोंड वाकडं झालं असेल, श्वास अडकत असेल, तर या मार्गदर्शिकेतला एकही धडा लागू नाही. तिथे शोधायचं काही नसतं, 108 लावायचा. आणि औषध घेतल्यावर पुरळ, सूज, चक्कर असं काही वेगळं झालं, तर आधी डॉक्टर, आणि मग नोंदीसाठी भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक 1800-180-3024, सोमवार ते शुक्रवार, कामाच्या वेळेत. फोन करताना पाकीट हातात ठेवा, नाव विचारतील.