आप्पांचा आकडा

एरंडोलातल्या कुठल्याही पतपेढीत डोकावा, आप्पा तिथे असतातच. काम वसुलीचं, वय पन्नाशीचं, खिशाला दोन पेनं आणि नजर कायम शेजारच्या टेबलावर. तिथे नाना बसतात. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, हा नानांचा मूळ गुन्हा.

सकाळी शिपाई चहा आणतो तेव्हा आप्पा हळूच विचारतात, "नानानी वसुली कितली व्हयनी रे भो?" आकडा ऐकला की चहा कपातच राहतो. गाडीला किक मारून आधी कासोदा, मग उत्राण. तिथे बागाईतदाराला लिंबाच्या गोण्या भरतानाच गाठायचं. परतीला रिंगणगाव. मार्चअखेर हा माणूस घरी जेवायलाही टेकत नाही. टेकलाच तर बायकोला विचारतो, "नाना जेवून निघाले का गं?" वसुली मात्र चढते, हे मान्य केलंच पाहिजे.

शेजारी कुणी असलं की माणसाचा वेग का वाढतो, हे कोडं जुनं आहे. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकानं लिहून ठेवलं, की सायकलस्वार एकट्यापेक्षा जोडीला कुणी असलं की जास्त वेगानं पळतो. मग त्यानं ४० मुलांना गळाची रिळं गुंडाळायला बसवलं. जोडीदार आल्यावर २० मुलांचा हात चालला, १० जणांची तारांबळ उडाली, बाकीच्यांना काही फरक पडला नाही. आमचे आप्पा त्या विसांतही बसतात आणि दहांतही. सकाळी विसांत, संध्याकाळी दहांत.

कारण संध्याकाळी रोकड जुळवायची, तीही दोघांनी मिळून. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं. त्या बेरजेवर कुणा एकाचं नाव लागत नाही. मग आप्पा नोटा मोजता मोजता नानांची वही वाचतात, नाना लिहिता लिहिता आप्पांची बोटं मोजतात, आणि ५० रुपये कमी भरतात. "तुनं चुकनं!" "मनं नई, तुनं!" तीनदा मोजणी होते. साडेसातला उलगडा होतो, की नोट आप्पांच्या कोपराखाली आहे. नानांना ती पहिल्या पाच मिनिटांतच दिसलेली असते.

पद्मालयाला एकाच गाभाऱ्यात डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती शेजारी शेजारी बसलेत, तक्रार न करता. चतुर्थीला हे दोघंही जातात. नाना ज्याच्यापुढे हात जोडतात, आप्पा त्याच्या शेजारच्याला नारळ वाहतात.

मध्यंतरी मोतीबिंदू काढायला नाना पंधरा दिवस रजेवर गेले. रान मोकळं! पण आप्पांची गाडी कासोद्याच्या रस्त्यालाही लागली नाही. दुपारी चहा, मग पेपर, मग पुन्हा चहा. शेवटी डझनभर केळी घेऊन ते नानांच्या घरी हजर. "डोया कसा शे? कवय येशी?" आवाजात खरी काळजी होती. डोळ्याची की आकड्याची, हे नानांनाही ठरवता आलं नाही.

तेव्हा व्यवस्थापकांना एकच विनंती: वसुलीचा फळा दोघांच्या बरोबर समोर टांगा, पण रोकडीला यांतला एकच बसवा.