पदवी परीक्षेतील अपठित उताऱ्यास अनावृत पत्र

प्रति,
माननीय अपठित उतारा, ऊर्फ अनसीन पॅसेज,
सक्तीचे इंग्रजी, पदवी अभ्यासक्रम,
मुक्काम प्रश्नपत्रिका.

विषय : किनवट तालुक्यातील परीक्षार्थींच्या आकलनाची मोजदाद करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून महोदयांचे प्रथम अभिनंदन करणे रीतीला धरून होईल. प्रश्नपत्रिकेतील कविता, कथा, व्याकरण, पत्रलेखन या इतर मंडळींची आणि विद्यार्थ्याची वर्षभरात निदान तोंडओळख झालेली असते. महोदयांना मात्र त्याने परीक्षेपूर्वी कधीही पाहिलेले नसावे अशी व्याख्येचीच अट आहे, आणि तरीही हमखास गुण कोठे मिळतील असे विचारले असता परीक्षार्थी प्रथम महोदयांच्याच दाराकडे बोट दाखवतो, या चमत्काराचा गौरव शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांनी अद्याप पुरेसा केलेला नाही. आकलन म्हणजे लिहिलेल्या मजकुराचा अर्थ लावणे, तो अर्थ आधीच्या माहितीशी जोडणे आणि लेखकाने न लिहिता सुचविलेलेही ओळखणे. या तिन्ही गोष्टींची मोजदाद करण्यासाठी महोदयांची नेमणूक झालेली आहे, आणि यांपैकी एकही गोष्ट न करता परीक्षार्थी पार होतो ही महोदयांच्या औदार्याची पावती होय.

महोदयांची पूर्वतयारी करता येत नाही हा समजही आता मागे पडला आहे. सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आली की पुस्तकांच्या दुकानांत जी गाईडे, गेस पेपर आणि अपेक्षित प्रश्नसंच टांगले जातात, त्यांत ‘अनसीन पॅसेज’ नावाचे स्वतंत्र प्रकरण असते, उतारे असतात, त्यांखाली प्रश्न असतात आणि प्रश्नांखाली उत्तरेही असतात. न पाहिलेली वस्तू आगाऊ पाहून ठेवण्याची ही सोय कोणालाही विसंगत वाटत नाही, कारण सराव म्हणजे उत्तर पाठ करणे, हा अर्थ पहिलीपासून पक्का झालेला असतो.

किनवटला परक्या भाषेतील परीक्षेचे अप्रूप नाही. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामाच्या काळात कचेरीची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवतानाच इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला होता. राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका, बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळासह, नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य आले, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या वर्धापनदिनी, नांदेडला त्या संग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. जिल्हा एकदा बदलला, राज्य दोनदा बदलले, विद्यापीठही दोनदा बदलले. सक्तीचे इंग्रजी मात्र जागचे हलले नाही. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आल्यामुळे आजचा पदवीचा विद्यार्थी महोदयांसमोर बसतो तेव्हा त्याच्या पाठीशी या भाषेची बारा वर्षे असतात, असे कागदोपत्री तरी म्हणावे लागते.

याच विद्यार्थ्याच्या घरी गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलली जाते, आदिलाबाद नांदेडपेक्षा जवळ असल्यामुळे आठवडी बाजारात तेलुगू कानावर पडते, शाळा मराठीत होते आणि मोबाइल हिंदीत बोलतो. एका दिवसात तीन-चार भाषांतून ये-जा करून कोण काय म्हणाले, का म्हणाले आणि भाव किती खरा सांगितला, हे ओळखणारा माणूस महोदयांच्या दप्तरी ‘आकलनात कच्चा’ म्हणून नोंदला जातो, ही नोंद एकदा तपासून पाहण्यासारखी आहे.

तपासणीसाठी महोदयांच्या कार्यपद्धतीचा एक नमुना येथे सादर केला आहे. ‘झिंगर टोपळ्याने भुरकटात तीन चिमंडे लपटले, कारण त्याचा गुमणा विरघटला होता.’ या वाक्यातील नामे अर्थाशिवाय रचलेली आहेत. तरीही त्यावर प्रश्न काढता येतात. चिमंडे कोणी लपटले? झिंगर टोपळ्याने. किती लपटले? तीन. कोठे लपटले? भुरकटात. का लपटले? कारण त्याचा गुमणा विरघटला होता. चारही उत्तरे अचूक आहेत, पूर्ण वाक्यांत लिहिली तर चारही गुण मिळतील, आणि ‘का’ या शब्दाने सुरू होणारा, म्हणून विचार करायला लावणारा समजला जाणारा प्रश्नदेखील विचार न करता सुटतो. पाचवा प्रश्न असा काढला की, टोपळा सावध वृत्तीचा होता की उतावळा, तर मात्र सारा वर्ग गप्प बसेल, कारण त्याचे उत्तर शब्दांच्या जागेवरून मिळत नाही, अर्थावरून मिळते. हा पाचवा प्रश्न प्रश्नपत्रिकेत क्वचित उतरतो, आणि उतरलाच तर त्याखाली चार पर्याय देऊन त्याची धार काढली जाते; मग सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो, ही परंपरागत श्रद्धा कामास येते.

‘आधी प्रश्न वाचा, मग उतारा वाचा’ ही जी ट्रिक शिकवणी वर्गांत शिकवली जाते तिला शास्त्रात स्कॅनिंग असे नाव असून, हवा तो शब्द सापडेपर्यंत मजकुरावरून नजर फिरवणे एवढाच तिचा अर्थ आहे. तिची जोडीदार स्किमिंग, म्हणजे सगळ्या मजकुरावर झरझर नजर टाकून तो कशाबद्दल आहे ते ताडणे. दोन्ही कौशल्ये खरी आहेत. एसटीच्या वेळापत्रकात माहूरची गाडी शोधणाऱ्याला पहिले लागते आणि वर्तमानपत्र चाळणाऱ्याला दुसरे. परंतु स्कॅनिंगलाच वाचन समजून तीन वर्षांचा सराव त्यावर उभा केला, तर पदवीधराला प्रश्नाशिवाय मजकूर वाचताच येत नाही, आणि नोकरीच्या कागदांखाली, कर्जाच्या करारांखाली किंवा औषधाच्या वेष्टनावर प्रश्न छापलेले नसतात. बारावीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्यावर ‘पर्सनल रिस्पॉन्स’, म्हणजे विद्यार्थ्याचे स्वतःचे मत, विचारले जाते हे खरे. पण ते मतही गाईडात तयार मिळते, आणि एकाच वर्गातील पन्नास जणांचे स्वतःचे मत स्वल्पविरामासकट सारखे निघते, तेव्हा राष्ट्रीय एकात्मतेचा याहून भक्कम पुरावा शोधण्याचे कारण उरत नाही.

महोदयांच्या पोशाखाविषयीही चार शब्द लिहिणे आवश्यक आहे. महोदय बहुधा बर्फाळ प्रदेशातील हिवाळा, भुयारी रेल्वेतील प्रवास किंवा परदेशी थोर पुरुषाचे बालपण अंगावर घालून येतात. अशा पोशाखाने काय फरक पडतो हे एका प्रयोगात दिसले आहे. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या अर्ध्या डावाचे वर्णन वाचायला दिले. मुलांत काही वाचनात हुशार तर काही कच्ची होती, आणि दोन्ही गटांत बेसबॉल जाणणारी व न जाणणारी अशी दोन्ही प्रकारची मुले होती. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो मजकूर कितीतरी चांगला समजून सांगू शकली. तात्पर्य, आकलनाच्या गुणांत भाषेच्या बरोबरीने त्या विषयाची आधीची ओळखही मोजली जाते, आणि ती ओळख कोणाकडे आहे हे विषय निवडणारा, नकळत का होईना, आगाऊच ठरवून टाकतो.

आता महोदय किनवटच्या सागवानी जंगलात उतरले आहेत अशी कल्पना करावी. सोप्या इंग्रजीतील उतारा सांगतो की, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुले पहाटे गळतात, ती गुराढोरांनी खाण्याआधी वेचावी लागतात, पाचोळ्यात पडलेली फुले दिसत नाहीत आणि म्हणून काही लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन मोकळी करतात. उतारा येथेच संपतो आणि प्रश्न येतो की, या दिवसांत वनरक्षकाची झोप का उडते. उत्तराचे वाक्य उताऱ्यात कोठेही नाही, ते उचलून लिहिता येणार नाही. पण ज्या मुलीने फुले वेचली आहेत आणि वाऱ्याने वणवा कसा पसरतो हे पाहिले आहे, ती वाचता वाचताच पुढचे जोडून घेईल. लेखकाने न लिहिलेले, परंतु लिहिलेल्यावरून निघणारे असे जे काही असते त्यास अनुमान म्हणतात, आणि आकलनाचा खरा कस तेथेच लागतो. उलट बाजूही नोंदवणे न्यायाचे ठरेल : उताऱ्यातील सर्वच माहिती परीक्षार्थीला आधीपासून ठाऊक असेल, तर तो उतारा न वाचताही उत्तरे देईल आणि मोजमाप पुन्हा फसेल. ओळखीच्या विषयावर अनोळखी असे काही सांगणारा मजकूर निवडणे हे कष्टाचे काम आहे, म्हणूनच बर्फ स्वस्त पडतो.

शब्दांचा प्रश्न तर याहून जुना आहे. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुष्कळशी बंगाली मुले शाळा अर्ध्यावर सोडतात, तेव्हा त्यांच्या हाती काहीतरी उरायचे तर बोलण्या-लिहिण्याआधी त्यांना इंग्रजी वाचता आले पाहिजे, अशी मांडणी त्यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात केली, आणि नवे शब्द विरळ पेरलेली सोपी वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे २,००० उपयुक्त शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. पॉल नेशन आणि मार्सेला हू यांनी २००० साली दाखवून दिले की, कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातील १०० पैकी सुमारे ९८ शब्द आधी माहीत असावे लागतात. हा हिशेब ३०० शब्दांच्या उताऱ्याला लावला तर अनोळखी शब्द सहाच्या आसपास असले पाहिजेत. प्रत्यक्षात सरावाच्या पुस्तकात प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलने दोन-तीन मराठी अर्थ बारीक अक्षरात लिहिलेले दिसतात, आणि ते अर्थ जोडून वाचले असता वाक्य इंग्रजीही राहत नाही आणि मराठीही होत नाही. ज्याला असा उतारा सोडवावा लागतो त्याला वाचनाचा सराव घडत नाही, शब्दार्थ उतरवून घेण्याचा घडतो. अशा विद्यार्थ्याने पदवीच्या पातळीची लाज न बाळगता पाचवी-सहावीच्या पातळीचे पुस्तक हाती घ्यावे, रोज अडखळल्याशिवाय दोन पाने संपवावी, पुस्तक मिटावे आणि वाचलेले घरच्या भाषेत कोणाला तरी सांगावे. सांगता आले नाही ती जागा पुन्हा उघडून पाहावी. न समजलेला भाग शोधून काढण्यासाठी एवढी साधी रीत पुरते आणि तिला गाईड लागत नाही.

महोदयांच्या अधिकारांत एक गोंधळ मात्र मूळचाच आहे. उतारा समजला की नाही हे इंग्रजीत उत्तर लिहायला लावून तपासले जाते, त्यामुळे ज्याला समजले पण लिहिता आले नाही तो नापास होतो, आणि ज्याला समजले नाही पण उताऱ्यातील वाक्य जसेच्या तसे उतरवता आले तो पास होतो. उपकरण जे मोजण्याचा दावा करते तेच मोजते की दुसरे काही, या कसोटीला परीक्षाशास्त्रात वैधता म्हणतात. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर घेऊन बसलेल्या परीक्षकाला या कसोटीची आठवण ठेवण्याइतका वेळ मिळत नाही, हा त्याचा दोष मानता येणार नाही.

तरी महोदयांस विनंती की, पुढील सत्रात येताना गाईडात न सापडणारा मजकूर सोबत आणावा, त्यात अनोळखी शब्द मोजून ठेवावेत, उचलून लिहिता येणार नाही असे निदान दोन प्रश्न विचारावेत, आणि त्या दोन प्रश्नांची उत्तरे परीक्षार्थींना मराठीत लिहू द्यावीत. इंग्रजी लेखनाची परीक्षा घेण्यासाठी त्याच प्रश्नपत्रिकेत निबंध आणि पत्रलेखन हजर असल्याने, या सवलतीमुळे सक्तीच्या इंग्रजीचे कोणतेही नुकसान होणार नाही.

कळावे.