भाड्यात हप्ता फिटतो हो!

वाकड-हिंजवडीकडे दुसरा फ्लॅट घेऊन ‘भाड्यातच हप्ता सुटेल’ म्हणणाऱ्यांचं मनापासून अभिनंदन. 60 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं: हप्ता 52 हजार. भाडं समजा 22 हजार. उरलेले 30 हजार दरमहा पगारातून घालायचे. यालाच हल्ली पॅसिव्ह इन्कम म्हणतात.

भाडेकरूही निवडून घ्यावा. बॅचलर नको, मांसाहारी नको, कुत्रा नको. एक तारखेला पैसे टाकणारा आणि गीझर बंद पडला तरी फोन न करणारा संत तेवढा हवा. तो मिळेपर्यंत फ्लॅट रिकामा, मेंटेनन्स चालू. पुढे भाडेकरू आला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावणार. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे सेक्रेटरींना एकदा सांगून पाहा. दुसऱ्या दिवशी तुमच्या पार्किंगमध्ये कुंड्या.

एजंट मात्र देवमाणूस. महिन्याभराचं भाडं दलाली म्हणून खिशात घालून छातीठोकपणे सांगतो, ‘11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, साहेब.’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55 त्याच्या गावी नाही. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी मालकाची. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. तेवढी करा.