शाई बोटाला, कात्री मजुरीला

मतदान जवळ आले की मालकवर्गाला लोकशाहीचा उमाळा येतो. कारखान्याच्या फाटकावर फलक लागतो, व्हॉट्सॲपवर ‘पहले मतदान, फिर जलपान’ फिरू लागते आणि मतदानाच्या दिवशी शेठजी शाईचे बोट नाचवत फोटो टाकतात. इंदूरच्या छप्पन दुकानवाल्यांनी तर २०२४च्या लोकसभेला सकाळी लवकर मत देऊन येणाऱ्यांसाठी पोहे-जिलेबी फुकट ठेवली. त्याच इंदूरहून निघालेला महामार्ग जिथे मध्य प्रदेश सोडतो, त्या इच्छापूरच्या मजुराला मात्र जिलेबीची आस नाही. त्या दिवसाची मजुरी मिळाली तरी पोहे तो घरी करून खाईल.

आणि ती मजुरी काही शेठजींची मेहेरबानी नव्हे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये १९९६ साली १३५-ब हे कलम घातले गेले. मतदानाच्या दिवशी कामगाराला सुट्टी द्यायची आणि पैसेही कापायचे नाहीत, असे ते सांगते. रोजंदारीवरचा मजूरही त्यात आला. मोडणाऱ्या मालकाला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये!

त्याच दुरुस्तीतले शेजारचे कलम १३५-क. मतदान संपेपर्यंतच्या ४८ तासांत मतदारसंघात दारू विकली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. थोडक्यात, मतदाराला पाजणे महागात पडते, अडवून ठेवणे स्वस्तात.

सीमेवर तर गंमत आणखी वाढते. १७ नोव्हेंबर २०२३ला मध्य प्रदेशात विधानसभेचे मतदान होते. पलीकडे महाराष्ट्रात, अंतुर्ली-मुक्ताईनगरच्या केळीबागांत तो साधा शुक्रवार. “इलेक्शन तुमच्याकडं, आमच्याकडं नाही,” असे सीमेपलीकडून आलेल्या मजुराला म्हणायला मुकादम मोकळा. वर्षभराने, २० नोव्हेंबर २०२४ला, महाराष्ट्राची पाळी आली आणि हेच वाक्य बुऱ्हाणपूरच्या लूमवाल्याच्या तोंडी शोभले. मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्यालाही ही सुट्टी आहे, हे निवडणूक आयोगाने स्पष्ट केलेले आहे. पण दारूबंदी पोलीस घेऊन सीमा ओलांडते, भरपगारी सुट्टी नुसते परिपत्रक घेऊन.

१३ मे २०२४ला मात्र पंचाईत झाली. सीमेच्या अलीकडचा खंडवा आणि पलीकडचा रावेर, दोन्ही लोकसभा मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान! सीमेची सबब गेली, उरली केळीची. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल, त्याला कायदा या सुट्टीतून वगळतो. आता कापलेला घड थांबत नाही, हे खरेच. पण तो त्याच दिवशी कापा, असे कोणी सांगितले? तारीख १६ मार्चलाच जाहीर झाली होती. दिल्लीच्या व्यापाऱ्याला ट्रकची वेळ कळवणाऱ्याला टोळीची सुट्टी दोन महिन्यांत ठरवता येत नसेल, तर केळीला दोष कशाला?

लूमवर हिशेब आणखी सोपा. मजुरी मीटरवर. लूम बंद तर मीटर शून्य, आणि शून्य मीटरची मजुरी चुकती करण्यात शेठ कधीच कसूर करत नाहीत.

महाराष्ट्राचा कामगार विभाग पूर्ण दिवस शक्यच नसेल तिथे काही तासांची सवलत चालवून घेतो, तीही जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी काढून. मालकांनी परिपत्रकातली ‘सवलत’ तेवढी पाठ केली, परवानगीची ओळ बहुधा घडीखाली गेली.

तेव्हा शेठजी, फलक आणि फोटो राहू द्या. मतदानाच्या आदल्या दिवशी हजेरीपुस्तकात उद्याची हजेरी मांडा आणि तिचे पैसे हातावर ठेवा. मीटरवाल्याला रोजच्या सरासरीने द्या. आणि मजूरदादा, ताई, पैसे कापलेच तर मतदारांसाठीचा १९५० हा क्रमांक फिरवा, कामगार अधिकाऱ्याकडेही लेखी अर्ज द्या. दंड पाचशेचाच असला, तरी तो आजवर भरलेला मालक गावात कोणी दाखवून देईल का, तेही एकदा विचारा.